टेढीचे ते दोन दिवस

ताई, काल तुमची शोकसभा झाली आणि तिच्यात तुमची सही होऊन गेली. जिवंतपणी जी सही तुम्ही कुणाच्या बापाला दिली नाहीत, ती मोठ्या साहेबांनी तुमच्या तेराव्यानंतर परस्पर उरकली.

सभा आपल्या वन्यप्राणी केंद्राच्या हॉलमध्येच होती. तुमचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून हार घातला होता, तोच, ज्यात तुम्ही कुणाला तरी रागावायच्या बेतात दिसता. साहेब उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शैलाजी का सपना था कि हमारे गौर निरोगी रहें. ये रिपोर्ट उन्हीं के नाम से जाएगी, सबसे ऊपर. दवा सुरक्षित भी है और प्रभावी भी." गव्यांच्या जंतांच्या औषधाला अशी पावती मिळाली आणि टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या मी पहिल्यांदा ऐकल्या. मग दोन मिनिटं उभं राहणं झालं, त्यातलं दीड मिनिट कुणाचा तरी फोन वाजत होता, आणि मग कचोरी आली. मी खाल्ली नाही. तुम्ही असतात तर खाल्ली असतीत, आणि खाता खाता साहेबांना विचारलं असतंत की "सुरक्षित" हा शब्द तुमच्या मुंडक्यात आला कुठून.

संताप मावत नाहीये. तुम्हीच शिकवलंय, राग आला की तारखेप्रमाणे लिहायला बस, म्हणजे राग कोणावर आहे ते कळतं. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंच पहिल्यापासून लिहिते आहे. कोणावर आहे ते अर्ध्या वाटेत कळणार, याची मला भीती आहेच.

मी सोलापूरहून केंद्रात रुजू झाले तेव्हा तुम्ही मला नाव विचारलंत आणि त्यानंतर एकदाही ते वापरलं नाहीत. "ए सोलापूर" हेच माझं नाव झालं. तुमच्या आजोबांपासून तुम्ही इंदूरच्या, गिरणीतल्या कारकुनाची नात. तुमची मराठी ऐकून पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही बाई भांडते आहे की काय. पहिल्याच दिवशी तुम्ही गव्याच्या शेणाची पिशवी माझ्या हातात दिलीत आणि मी ती जराशी लांब धरली. "गोबरची घिन येते तुला? मग या लाइनीत आली कशाला भिया? बँकेत जायचं होतं ना." मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारी पहिली बाई तुम्हीच.

शेण मिठाच्या पाण्यात कालवायचं, गाळायचं, वर तरंगून येणारी जंतांची अंडी काचपट्टीवर घेऊन मोजायची. एकच काचपट्टी तुम्ही मला दोनदा मोजायला लावायचात आणि दोन आकडे जुळले की संशय घ्यायचात. "पहिला आकडा बघून लिहिला ना?" कधीकधी खरंच तसं असायचं. आणि नोंदवहीचा तुमचा कायदा: खाडाखोड करायची नाही, पांढरा रंग लावायचा नाही. चुकलं तर चुकीवर एक आडवी रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आपली सही. "गलती छुपवायची नाही गं. तिला घरात बसू द्यायचं, पण सगळ्यांना दिसेल अशी."

मग मानपूरच्या पुढच्या आवारातल्या गव्यांचं काम आपल्याकडे आलं. अकरा जनावरं, जंतांनी पोखरलेली. त्या काळ्या तुकतुकीत पाठींची रया गेली होती, काहींच्या फासळ्या मोजता येत होत्या. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: जंतांचं औषध बाजारात आहे, गायीला चालतं, म्हशीला चालतं, यांना द्या आणि मोकळे व्हा. इथे चाललं की पावसाळ्यानंतर जंगलातल्या कळपांनाही चाऱ्यातून घालू. त्या बैठकीत तुम्ही एवढंच विचारलंत, "गव्याला चालतं हे कोणी पाहिलंय?" तेव्हा साहेब जरा हसले, मला आठवतं. त्या हसण्याचा अर्थ मी आत्ता लावते आहे.

तुम्ही सहा जणांना भुशाच्या आणि गुळाच्या गोळ्यातून औषध दिलंत आणि पाच जणांना नुसता गोळा. त्या पाचांवरूनही वाद झालाच. "बाकियों ने क्या पाप किया है?" असं साहेबांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "सर, इन पाँच को बाद में दे देंगे. पर अभी ये नहीं होंगे तो बाकी छह का मुझे कैसे पता चलेगा कि दवा से ठीक हुए या मौसम से?" बाहेर आल्यावर मला म्हणालात, "तुमच्याकडे याला गवा म्हणतात ना? आमच्याकडे गवाह म्हणजे काय माहीत आहे? साक्षीदार. पण हा गवा गवाही देत नाही, सोलापूर. याला काय होतंय ते याच्या वतीने कोणीतरी पाहावं लागतं." मी हसले. कोटी बरी होती. तिच्यात काय मागणं होतं ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

औषध दिलं तो दिवस धुळवडीनंतरचा. पुढचे पाच दिवस रोज आवारात जाऊन पाहायचं ठरलं होतं: खातात का, लाळ गळते का, पाय लटपटतात का, शेण कसं आहे. पहिले दोन दिवस तुम्ही गेलात. तिसरा दिवस रंगपंचमीचा. आदल्या दिवशी दुपारी तुम्ही म्हणालात, "पुढचे दोन दिवस तू जाऊन ये. मला जरा बरं नाही वाटत." मी हो म्हटलं.

मी गेले नाही, ताई. सोलापूरहून माझी मावशी आणि मावसबहीण आल्या होत्या, त्यांना गेर, रंगपंचमीची मिरवणूक, बघायची होती. सकाळपासून रस्ते बंद, सगळं शहर रंगात, मीही रंगात. आवाराच्या फाटकावर फोन केला. चौकीदार म्हणाला, "सब बढ़िया है मैडम, आप तो त्योहार मनाओ." चौथ्या दिवशी मावशीला उज्जैनला न्यायचं होतं. पुन्हा फोन केला. पुन्हा सब बढ़िया. तो बिचारा चारा कुंपणावरून आत टाकून फाटकावर परत येत होता, गवे मागच्या उतारावर. त्याने काय पाहिलं असणार? आणि गव्यांची रोजची देखभाल करणारा भेरूलाल दोन्ही दिवस सुटीवर, बेटम्याजवळच्या आपल्या गावी.

पाचव्या दिवशी दुपारी मी गेले. सगळे चरत होते. परत येऊन साहेबांचा तक्ता भरायला बसले. त्यात रिकामी जागा ठेवली की तक्ता पुढे सरकत नाही. "दुष्परिणाम" या रकान्यात तिसऱ्या आणि चौथ्या दिवसापुढे मी तोच शब्द लिहिला जो या केंद्रात दिवसाला पन्नास वेळा लिहिला जातो: निरंक. नोंदवहीतही तोच. सरकारी हिंदीतला तसाच सरकारी मराठीतला, दोन्हीकडे सारखाच सोयीचा शब्द. पाहिलं आणि काही नव्हतं, तरी निरंक. पाहिलंच नाही, तरीही निरंक. माझा हात जराही अडखळला नाही.

दोन आठवड्यांनी तुम्ही पुन्हा शेण गोळा करायला आवारात गेलात. अंडी मोजली. औषध घेतलेल्या सहांची अंडी जवळजवळ संपलेली, बाकीच्या पाचांची होती तशीच. औषध लागू पडलं होतं आणि तुम्ही खूष होतात. मग भेरूलालने तुमच्यापुढे तोंड उघडलं.

"मैडम, वो टेढी है ना, रंगपंचमी के दो दिन उसने कुछ खाया नी होगा, पेट अंदर धँस गिया था. मैं पाँचवें दिन तड़के आया तो कोने में अकेली खड़ी थी, पिछले पाँव काँप रिये थे, मुँह पे झाग सूख के जम गिया था. दोपहर को जाके खाने लगी."

टेढी म्हणजे वाकड्या शिंगाची मादी. गाभण असावी असा तुम्हाला संशय होता.

मी भेरूलालला विचारलं की मला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, "आपने पूछा ही नी, मैडम." बरोबरच आहे. मी त्या दुपारी आले, लांबून पाहिलं आणि गेले.

तुम्ही वही उघडून माझ्यासमोर ठेवलीत. आवाज चढवला नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. "हे काय आहे?"

"निरंक."

"वाचता येतं मला. पाहिलं होतं का?"

"फोन केला होता."

"फोनवरून झाग दिसतो?"

मी म्हटलं, "ताई, बरी झाली ना ती? खाते आहे, चरते आहे."

"बरी झाली ते अलग. काही झालंच नाही ते अलग. अगं, गाभण जनावर दोन दिवस तोंडाला फेस घेऊन उभं होतं आणि आपण लिहिलं की सगळं ठीक. उद्या हेच औषध जंगलात जाणार. तिथे तर भेरूलालपण नाही." मग तुम्ही पेन पुढे केलंत. "एक रेघ मार आणि लिही."

मी वहीत काय लिहू असं विचारलं. खरं तर मला माहीत होतं. तोंडातून निघालं ते हे: "'देखा नहीं गया' असं लिहू का?"

"कोणाकडून नाही गेलं? पंख्याकडून? देखा नहीं गया, ध्यान नहीं दिया गया, भूल हो गई. या ऑफिसात कोणी कधी काही करतच नाही, सगळं आपोआप होतं. नाव लिही आपलं."

आणि मी म्हटलं, "तुम्हाला जरा बरं नव्हतं म्हणून मी जायचं होतं ना? मग तुम्हीच का नाही गेलात?"

हे मी म्हटलं. हे वाक्य रेघ मारून खाली वाचता येईल असं इथे ठेवते.

तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि गेलात. साहेबांना सांगितलंत की "प्रभावी" लिहा, माझी सही घ्या. "सुरक्षित" लिहाल तर माझं नाव काढा. टेढीसारखं परत कुणाला होतं का ते बघायला चाचणी पुन्हा करावी लागेल. चूक कोणाची, ते तुम्ही सांगितलं नाहीत. मीच सांगेन याची वाट बघत असणार. मी सांगितलं नाही. त्यानंतर आपण बोललो नाही. अकराव्या दिवशी तुमचा मेसेज आला: "त्या दोन दिवसांचं काय केलं?" मी वाचला आणि ठेवून दिला. तुम्ही रजेवर होतात. ऑफिसात कुणी विचारलं की शैलाजी कशा आहेत, तर मी म्हणायचे, ठीकच असतील, काही खबर नाही. अठराव्या दिवशी सकाळी तुमच्या भाचीचा, पूर्वाचा, फोन आला.

आता तुमच्यावरचा राग. तो सांगितल्याशिवाय हे लिखाण खोटं होईल, आणि खोटं लिहिलेलं तुम्हाला चालत नाही.

"जरा" म्हणजे किती, ताई? गवा खोकला तरी तुम्ही लिहायचात, किती वाजता, किती वेळा, मान खाली करून की वर करून. आणि स्वतःला काय झालंय त्याची नोंद कुठे आहे? तुमच्या भंवरकुआंच्या घरी वरच्या मजल्यावर कोचिंगच्या ज्या मुली राहतात, त्यांच्यातली एक अंत्यविधीच्या दिवशी मला म्हणाली, "आंटी महीने भर से सीढ़ी पे तीन बार रुकती थीं. हम पूछते तो बोलतीं, कुछ नहीं, गर्मी है." महिनाभर! पूर्वाला तुम्ही फोनवर सांगत होतात, एकदम मस्त. डॉक्टरकडे गेलात ते न्यावं लागलं तेव्हा. दुसऱ्याच्या रकान्यात निरंक दिसला की तुम्हाला खपायचं नाही आणि स्वतःच्या रकान्यात तुम्ही महिनाभर तेच लिहीत होतात. त्याबद्दल तुम्हाला रागावायचं होतं मला. समोर बसवून, चहा देऊन, चांगलं अर्धा तास. तेवढंही राहिलं.

आणि तरी ताई, मला जे काही येतं ते तुमचं आहे. परवा बाजारात काकडी घेताना मी टोपलीतली सगळ्यात वरची काकडी सोडून मधली उचलली, कारण नमुना वरून घ्यायचा नाही. भाजीवाला म्हणाला, "क्या ढूंढ रिये हो मैडम?" मला रस्त्यातच रडू आलं.

पण काल हॉलमध्ये रडू आलं नाही. काल साहेबांनी "सुरक्षित" म्हटलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं की तो शब्द त्यांनी कशावर उभा केला आहे. माझ्या दोन निरंकांवर. त्यांना लबाडी करायची गरजच पडली नाही, ती मी आधीच करून दिली होती, सुबक अक्षरात. वर तुमचं नाव, म्हणजे कुणी शंका घ्यायला नको. मेलेल्या माणसाच्या रिपोर्टला कोण आक्षेप घेणार? माझा राग सगळीकडे फिरून शेवटी येऊन बसला तो माझ्याच टेबलावर.

कचोरीची ताटं उचलली जात होती तेव्हा मी तुमच्या कपाटातून वही काढली. तिसरा दिवस, निरंक, त्यावर एक रेघ. चौथा दिवस, निरंक, एक रेघ. बाजूला लिहिलं: "मैंने नहीं देखा. मैं गई ही नहीं." पूर्ण नाव, सही. मग भेरूलालला फोन करून बोलावलं आणि त्याने जे पाहिलं ते त्याच्याच शब्दांत खाली उतरवलं, काँप रिये थे तसंच ठेवलं. तो म्हणाला, "मैं किधर दस्तखत करूँ?" पानाच्या तळाशी छापलेलं होतं: गवाह. त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं. "ये तो मैडम बोलती थीं," तो म्हणाला, आणि एकेक अक्षर जपून सही केली.

पानाची प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, दुसरी प्रत, रिपोर्ट जिथे जाणार होता तिथे, मेलने लगेच पाठवली. साहेब म्हणाले, "आप भावुक हो रही हैं. कम से कम दिवंगत की भावनाओं का तो ख़याल रखिए." मी म्हटलं, "सर, दिवंगत की भावना ये थी कि उनका नाम काट दिया जाए." आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबांना असं बोलले आणि आवाज थरथरत होता, हेही लिहून ठेवते.

आज सकाळी मला चाचणीवरून काढून भांडारात बसवलं आहे, रिकाम्या बाटल्यांच्या नोंदीवर. वरून फोन आला आणि रिपोर्ट अडला आहे. रद्द झालेला नाही, थांबला आहे. दोन दिवसांचा खुलासा मागितला आहे, आणि जंगलात औषध टाकायचं तोवर पुढे ढकललं आहे. चाचणी पुन्हा होईल की दुसऱ्या कुणाच्या सुबक अक्षरात पुढे सरकेल, मला माहीत नाही. टेढी खाते आहे. पोटात वासरू आहे की नाही, ते अजून कळलेलं नाही. भेरूलाल रोज पाहतो आणि मी रोज विचारते.

तुमच्या मेसेजचं उत्तर हे आहे, ताई. उशीर झाला.

अजून एक रकाना राहिला आहे, तो कुठल्या वहीत नाही. सगळे म्हणतात, शैलाजी अचानक गेल्या. अचानक काही नव्हतं. अठरा दिवस होते, भंवरकुआं केंद्रापासून वीस मिनिटांवर आहे, आणि तुम्ही जिन्यात तीनदा थांबत होतात. त्या अठरा दिवसांपुढे मी मनात निरंक लिहिलं होतं. त्यावरही एक रेघ मारते आहे, खालचं वाचता येईल अशी.

मी पाहिलं नाही. मी गेलेच नाही. खाली सही केली आहे, पूर्ण नावाची. तुम्ही मात्र सोलापूर म्हणूनच वाचा.